बाजारांतील मांस आणि अदृश्य जंतु

पेण व रोहा हीं रायगड जिल्ह्यांतील दोन जुनीं बाजारपेठेचीं गांवें. एक भोगावतीच्या कांठीं वसलेलें, दुसरें कुंडलिकेच्या. आसपासच्या खेड्यांतील लोक बोकडाचें मांस, कोंबडी व मासळी येथूनच नेतात. श्रावण लागण्यापूर्वीं, आषाढ अमावास्येच्या सुमारास, मांसाच्या दुकानांपुढें सर्वांत मोठी गर्दी उसळते. आणि कोंकणांत नेमके तेच दिवस ओलाव्याचे, चिखलाचे, माश्यांचे व गढूळ पाण्याचे असतात. म्हणून आपण घरीं जें मांस आणतों त्यावर डोळ्यांना न दिसणारें काय असतें, याचा विचार प्रत्येक विद्यार्थ्यानें करणें अगत्याचें आहे.

जंतु येतात कोठून?

निरोगी जनावराच्या स्नायूंचा अंतर्भाग बहुतेक निर्जंतुक असतो. जंतु असतात ते कातड्यावर, खुरांवर, पिसांत आणि विशेषेंकरून आंतड्यांत. जनावर कापतांना व सोलतांना ते मांसाच्या पृष्ठभागावर येतात. पुढें सुरा, सत्तूर, हात, फडकें, पाणी व माश्या त्यांना एका तुकड्यावरून दुसऱ्यावर पोंचवितात. खाटकाचा ओंडका पहा. लांकूड कितीही चिवट असलें तरी घावांवर घाव बसून त्याला भेगा पडतात. त्या भेगांत रक्त व मांसाचे कण राहतात आणि वरवर पाणी ओतल्यानें ते निघत नाहींत. खिम्याची गोष्ट तर आणखी निराळी. अखंड तुकड्यावर जंतु बाहेरच्या बाजूस असतात. खिमा करतांना बाहेरचा भाग आंत मिसळतो, व जंतु सर्वत्र पसरतात.

शास्त्रज्ञांनीं काय शोधलें?

इ. स. १८८५ मध्यें अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ यांनीं डुकरांच्या रोगाचा अभ्यास करीत असतां एक जंतु वेगळा केला. त्यांचे वरिष्ठ डॅनियल सामन यांच्या नांवावरून पुढें त्या वर्गास साल्मोनेला हें नांव मिळालें. इ. स. १८८८ मध्यें जर्मनींतील फ्रांकेनहाउझेन येथें एका आजारी गाईचें मांस खाऊन बरेच लोक आजारी पडले व एक मनुष्य दगावला. ऑगस्ट गेर्टनर यांनीं त्या मांसांतून आणि त्या मृताच्या शरीरांतून एकच जंतु वेगळा करून दाखविला. मांस व रोग यांचा संबंध अशा रीतीनें प्रत्यक्ष सिद्ध झाला. आज आपणांस हेंही ठाऊक आहे कीं, कच्च्या कोंबडीवर साल्मोनेलाप्रमाणेंच कँपिलोबॅक्टर नांवाचा जंतु पुष्कळदां आढळतो.

एक लहानसें गणित

अनुकूल उष्णता मिळाल्यास कांहीं जंतु दर २० मिनिटांनीं दुप्पट होतात. सकाळीं आठ वाजतां एकच जंतु आहे असें धरा. नऊ वाजतां ८, दहा वाजतां ६४, बारा वाजतां ४,०९६, आणि दुपारीं दोन वाजतां २,६२,१४४! दुकानांतील प्रत्येक तुकड्यावर वाढ इतक्या वेगानें होतेच असें नाहीं. परंतु ५ ते ६० अंश सेल्सिअस या मर्यादेंत मांस जितका वेळ राहील तितकी जंतूंना सवड मिळते. बर्फानें व शीतपेटीनें ही वाढ मंदावते. जंतु मात्र मरत नाहींत.

नाकाचा भरंवसा किती?

“वास येत नाहीं, म्हणजे मांस चांगलें,” असें आपण समजतों. हा समज अर्धाच खरा आहे. मांसास दुर्गंधि आणणारे जंतु निराळे व रोग उत्पन्न करणारे बहुधा निराळे. रोगजंतु असलेलें मांस दिसावयास ताजें व लालबुंद असूं शकतें. बांगड्यासारखी मासळी उन्हांत राहिली तर जंतूंच्या क्रियेनें तींत हिस्टामिन नांवाचा पदार्थ तयार होतो, आणि तो शिजवूनही नाहींसा होत नाहीं. म्हणून मासळी पहिल्यापासूनच बर्फांत ठेविली पाहिजे.

दूषित अन्नाचें संकट लहान नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६० कोटी लोक त्यामुळें आजारी पडतात व सुमारें ४ लक्ष २० हजार मरण पावतात. तान्हीं मुलें, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांस धोका अधिक.

दुकानांत व घरीं

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याअन्वयें मांसविक्रेत्यास नोंदणी अगर परवाना लागतो व स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात. परंतु सारा दोष विक्रेत्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. स्वच्छ पाणी, वाहतीं गटारें व बर्फाची सोय नसेल तर प्रामाणिक मनुष्यही काय करील? या सोयी व्हाव्या म्हणून नगरपालिकेकडे मागणी करणें हें नागरिकांचें काम आहे. गिऱ्हाईकानें झांकलेलें मांस मागावें, बाजारहाट करतांना तें शेवटीं घ्यावें व थेट घरीं यावें.

घरीं कोंबडी नळाखालीं खळखळून धुण्याची चाल आहे. तीमुळें जंतु जात नाहींत. उलट शिंतोड्यांबरोबर ते मोरीवर व भांड्यांवर उडतात. हळद-मीठ लावल्यानें चव येते, निर्जंतुकता येत नाहीं. ज्या विळीवर मांस चिरलें तिच्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरणें हा तर सर्वांत मोठा धोका. कारण मांस शिजतें, काकडी कच्चीच पोटांत जाते. विळी, पाट व हात साबणानें धुवावे. मांस आंतपर्यंत ७५ अंशांवर तापेल असें शिजवावें. रस्सा उरल्यास मोठ्या पातेल्यांत रात्रभर उघडा ठेवूं नये. कांहीं जंतूंचीं बीजें उकळींतही तग धरतात व कोमट रश्शांत पुन्हां वाढतात. तो लहान भांड्यांत काढून लवकर थंड करावा, व खातांना पुन्हां चांगला उकळावा.

विद्यार्थिमित्रांनो, यांतील एकही गोष्ट खर्चाची नाहीं. शाळेंत शिकलेलें जंतुशास्त्र परीक्षेच्या कागदावरच राहूं न देतां स्वयंपाकघरांत नेलें, आणि घरच्या वडील मंडळींस नम्रपणें समजावून सांगितलें, तर एखाद्या धाकट्या भावंडाचें दुखणें टळेल. आणि त्या विद्येचें चीज होईल.