पाच रुपयांचं युनिट

साताऱ्याकडच्या पठारावर एका निवासी शाळेत वीजवापर तपासायला गेलो होतो. मे महिना, मुलं सुट्टीत गावी. छपरावर सौर पॅनल, शेजारी १२ मीटरच्या खांबावर छोटी पवनचक्की. बॅटऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं तर धग अंगावर आली. भिंतीवरच्या डम्प लोडची कॉइल लालभडक झाली होती. बॅटऱ्या भरलेल्या, वसतिगृहात एक दिवा चालू नाही. आणि पवनचक्कीवरचा भार अचानक काढला तर पाती बेफाम फिरतात, म्हणून जास्तीची वीज अशी जाळावी लागते. पॅनलची वीज तर कंट्रोलर घेतच नव्हता. वर्षातलं सर्वांत कडक ऊन असं वाया चाललं होतं.

विश्वस्तांनी पुरवठादाराचं कोटेशन दाखवलं. युनिट पाच रुपयांना पडेल, असं त्यात होतं. हा पाचाचा आकडा कसा निघतो, ते सौर-पवन हायब्रिड प्रकल्पाचा विचार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने समजून घ्यावं. सोयीसाठी गोल आकडे घेतो. खर्च १० लाख, आयुष्य २० वर्षं, वर्षाला १०,००० युनिट. सरळ भागाकार केला की पाच रुपये येतात. पण तेच १० लाख दहा टक्के व्याजाच्या कर्जातून आले, तर वर्षाचा हप्ता सुमारे १ लाख १७ हजार होतो. लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. त्यांचे दीड लाख धरले तर वर्षाला आणखी ३० हजार. युनिट पावणेपंधरा रुपयांवर गेलं, आणि देखभालीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

आता सुट्टीत वाया जाणारी वीज वजा करा. दहापैकी सातच हजार युनिट वापरात आली तर दर २१ रुपये. भागाकार तयार झालेल्या युनिटांनी नव्हे, वापरलेल्या युनिटांनी करायचा. माझ्या मते सगळ्या आकडेमोडीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि कोटेशनमध्ये ती कधीच नसते. म्हणून आधी आपला वापर महिनावार, जमल्यास तासावार लिहून काढा आणि त्याशेजारी प्रत्येक महिन्याचं उत्पादन मांडा.

वाऱ्याबाबत जास्त सावध राहा. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते: वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. कोटेशनमधला वेग ५० मीटर उंचीवरचा असेल, तर मोकळ्या माळावरसुद्धा १२ मीटरवर तो साधारण ८० टक्के उरतो, म्हणजे वीज जवळपास निम्मी. त्या शाळेत तर पश्चिमेला सिल्व्हर ओकची रांग चक्कीच्या पात्यांपेक्षा उंच वाढली होती. पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. पवनचक्कीवर लिहिलेले किलोवॉट हे ठरावीक, बऱ्याच मोठ्या वेगाचे असतात. तुमच्या जागेचा वेग तुमच्याच उंचीवर, निदान वर्षभर मोजलेला हवा.

हायब्रिडच्या विरोधात मी नाही, उलट आपल्याकडे त्याची जोडी निसर्गानेच जमवली आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सौर वीज घटते, तेव्हाच सह्याद्रीच्या माथ्यावर वारा जोर धरतो. मोठ्या प्रकल्पात एकाच वाहिनीवरून दोन्ही वीज जाते, वाहिनी कमी वेळ रिकामी राहते, हा खरा फायदा आहे. पण ग्रिड दारात असलेल्या शाळेला बहुतेक वेळा नेट मीटरिंगचं साधं सौर संयंत्र पुरतं: सुट्टीतली वीज ग्रिडकडे जाते, बॅटऱ्यांचा खर्चही वाचतो. ग्रिड पोचत नाही किंवा दिवसदिवस जाते, तिथे तुलना डिझेल जनरेटरच्या दराशी करा, महावितरणच्या बिलाशी नको.

आणि सही करण्यापूर्वी एवढं लेखी घ्या: पात्यांचं बेअरिंग गेलं तर माणूस कुठून येणार, किती दिवसांत, आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार.