तमाशावर पीएच.डी.?

प्रश्न : पुतणी एम.ए. (मराठी) झाली. आता 'संस्कृती-अभ्यास' या विषयात तमाशावर पीएच.डी. करायची म्हणते. तमाशा बघायचा असतो, त्यात शोधायचं काय? आणि असली पदवी देतं कोण?
— एक काका, बार्शी

उत्तर : काका, प्रश्नातला टोमणा पोचला. आता उत्तर ऐका.

पुतणीला चैत्राच्या तोंडावर नारायणगावला पाठवा. तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. एखाद्या राहुटीत कोपरा धरून दिवसभर बसलं, की प्रश्न आपोआप सुचतात. एकाच तिथीला अनेक गावांच्या जत्रा आल्या तर फडाचा भाव किती चढतो? कलावंतानं मालकाकडून घेतलेली उचल हंगामाअखेर फिटते, की पुढच्या साली ओढली जाते? जत्रेत पालखीचा मान कोणाचा, आणि नाचायचं काम कोणत्या जातींतल्या बायकांच्या वाट्याला आलं? रात्री शिट्ट्या मारणारं गाव सकाळी त्याच बाईला काय म्हणतं? तमाशा अश्लील हे ठरवलं कोणी, आणि त्यात कोणाची सोय झाली? वगाची रचना, लावणीची चाल हे साहित्य-संगीतवाले पाहतातच. इथं करमणूक, पैसा, जात आणि बाई यांचा हिशोब एकत्र मांडायचा असतो.

ही रीत रुजली ती बर्मिंगहॅम विद्यापीठात. इंग्रजीचे प्राध्यापक रिचर्ड हॉगर्ट यांनी 1964 साली तिथं संस्कृती-अभ्यासाचं एक केंद्र काढलं. पेंग्विन प्रकाशनाच्या अ‍ॅलन लेन यांनी त्याला पैसे दिले. पुढं जमैकाहून आलेले स्टुअर्ट हॉल प्रमुख झाले, आणि तिथले विद्यार्थी टीव्ही, बायकांची मासिकं, रस्त्यावरच्या पोरांचे कपडे यांवर गंभीरपणे लिहू लागले. 2002 मध्ये विद्यापीठानंच ते बंद केलं. तोवर विषय जगभर गेला होता, ही गंमत वेगळीच.

आपल्याकडं समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर लिहिलं. तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' 2022 मध्ये आलं. 2024 मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तेव्हा पोरगी काही आडरानात शिरत नाहीये.

पदवीचं म्हणाल तर हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीत (इफ्लू) या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्येही (टिस) हा अभ्यास चालतो. नाहीतर मराठी, समाजशास्त्र किंवा स्त्री-अभ्यासात नोंदणी करायची. विभागाच्या पाटीपेक्षा गाइड कोण हे महत्त्वाचं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. मुलींना आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये. ती नसेल तर मात्र घरच्यांच्या खिशावर ताण येतो, हे आधीच बोलून घ्या.

आणि गाइडकडं जाण्याआधी तिला 'शोधगंगा'वर बसवा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. आधी कोणी काय लिहिलंय ते तिनं पाहावं. गण, गौळण, बतावणी, वग अशा क्रमानं भरलेला आणखी एक प्रबंध कोणालाच नकोय. उचलीच्या वह्यांवरचा मात्र मी स्वतः मागून वाचेन.