विळीची निगा

द्रोणागिरीच्या पायथ्याशीं करंजा हें मासेमारीचें बंदर आहे. उरण-पनवेलच्या खाडीकांठीं मीठ पिकविण्याचा व्यवसायही फार जुना. अर्थात् ह्या भागाच्या हवेंत ओलावा व खारटपणा हे दोन्ही असावयाचेच. अशा ठिकाणीं घरांतील विळी, सुरी, कोयता हीं हत्यारें लवकर कां गंजतात व तीं कशीं राखावीं, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेणें उपयुक्त होईल.

लोहारानें घडविलेलें पातें साध्या पोलादाचें असतें. पोलाद म्हणजे लोखंड व थोडा कर्ब यांचें मिश्रण. तापवून पाण्यांत बुडविल्यावर, म्हणजेच पाणी दिल्यावर, तें कर्बामुळें कठीण होतें व त्यास तीक्ष्ण धार येते. परंतु गंजापासून त्याचें रक्षण करील असें त्यांत कांहीं नसतें. इ. स. १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें. अशा पोलादांत क्रोमियम शेंकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक असतें, आणि त्यामुळें बनणारा सूक्ष्म पापुद्रा धातूस झांकून ठेवतो. साध्या विळीस हें कवच नाहीं.

लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज उत्पन्न होतो, आणि मिठामुळें ही क्रिया जलद होते. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली, कीं मीठ हवेंतील ओल शोषून स्वतःच विरघळूं लागतें. पावसाळ्यांत बरणींतील मिठास पाणी सुटतें तें ह्याच कारणानें. म्हणून समुद्राचे मासे कापल्यावर पातें नुसतें पुसून ठेवलें, तर तें कोरडें दिसलें तरी त्यावरील मीठ रात्रभर ओल ओढीत असतें, आणि सकाळीं तांबडे डाग पडलेले आढळतात. प्रथम गोड्या पाण्यानें धुवावें, मग लगेच कोरडें पुसावें व खोबरेलाचा हात फिरवावा.

कैरी, चिंच, लिंबू यांचें आम्ल पात्यावर राहूं देऊं नये. कांदा किंवा कच्चें केळें चिरल्यानें पातें काळसर पडतें. तो थर गंज नव्हे, उलट त्यानें पात्याचें थोडें संरक्षणच होतें. तांबडा गंज मात्र सच्छिद्र असतो. त्यांत ओल राहते व तो खोल शिरतो. तो दिसतांच चाळलेली राख ओल्या फडक्यावर घेऊन घांसून काढावा. घांसतांना हात पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावा. फणसाचा चीक तेलानें पुसावा. विस्तवावर धरून जाळूं नये. पातें फार तापलें तर त्याचें पाणी उतरतें व पुढें धार टिकत नाहीं.

धार लावतांना निसणा ओला ठेवावा व पातें एकाच कोनांत धरावें. बोथट विळी निरुपद्रवी वाटते, परंतु तिच्यावर जोर करावा लागतो, हातांतील वस्तु सरकते व बोट कापतें.

ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं दोन साधे लोखंडी खिळे मिठाच्या पाण्यांत बुडवावे. एक नुसता पुसावा. दुसरा गोड्या पाण्यानें धुऊन मग पुसावा. पावसाळ्याची एक रात्र ते उघड्यावर ठेवावे, आणि सकाळीं दोहोंची तुलना करावी.