स्ट्रॉबेरीचा हंगामी सल्ला : पानावरील ओलाव्याच्या तासांपासून फवारणीच्या निर्णयापर्यंत

स्ट्रॉबेरी हे सालीसकट खाल्ले जाणारे, अत्यंत नाजूक आणि अल्पायुषी फळ आहे. हंगाम भरात असताना त्याची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी करावी लागते. त्यामुळे या पिकात फवारणीचा निर्णय इतर फळपिकांपेक्षा अधिक जोखमीचा ठरतो. फवारणी उशिरा झाली तर फळ सडते. ती विनाकारण झाली तर खर्च वाढतो, फळावर औषधाचा अंश राहतो आणि परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांनाही अपाय होतो. तरीही अनेक ठिकाणी हा निर्णय दिनदर्शिकेवर सोपविलेला दिसतो. 'आठवडा झाला, म्हणून फवारणी' हा त्याचा सर्वपरिचित नमुना होय. या निर्णयाला संशोधनाचा आणि स्थानिक हवामानाच्या नोंदींचा आधार कसा देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हंगामाची रूपरेषा

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई हा सातारा जिल्ह्यातील पट्टा देशातील स्ट्रॉबेरीचे प्रमुख क्षेत्र आहे. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. येथील चक्र साधारणपणे असे चालते : परदेशातून आलेली मातृरोपे पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेत लावली जातात, त्यांच्या धावत्या खोडांपासून पावसाळ्यात रोपे तयार होतात, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांची गादीवाफ्यांवर, प्लॅस्टिक आच्छादन व ठिबक संचासह लागवड होते, आणि नोव्हेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फळे मिळतात.

या चक्रात माहितीची गरज टप्प्याटप्प्याने बदलते. रोपवाटिकेत रोप निरोगी आहे का, हा मुख्य प्रश्न असतो. लागवडीनंतर मुळे धरेपर्यंत पाणी व मर यांकडे लक्ष द्यावे लागते. फुलोऱ्यापासून पुढे बुरशीजन्य फळसड, आणि हवा कोरडी व उष्ण होऊ लागली की लाल कोळी, हे चिंतेचे विषय ठरतात. हंगामभर एकाच साच्यातील सल्ला देणे म्हणूनच निरुपयोगी ठरते.

फ्लोरिडातील अनुभव

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या प्लांट सिटी परिसरातील शेती आपल्या अभ्यासकांनी विशेषत्वाने पाहण्याजोगी आहे. तेथेही लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, गादीवाफे व प्लॅस्टिक आच्छादन वापरले जाते आणि फळे हिवाळाभर मिळतात. आपल्याकडे परिचित झालेले 'स्वीट चार्ली' आणि 'विंटर डॉन' हे वाण मूळचे फ्लोरिडा विद्यापीठाचे आहेत. त्यांपैकी 'स्वीट चार्ली' १९९२ साली प्रसारित झाला. वाण तेथून आले. त्या वाणांभोवती उभी राहिलेली माहितीची व्यवस्था मात्र आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

फ्लोरिडा विद्यापीठाने स्ट्रॉबेरीसाठी रोगइशारा प्रणाली विकसित केली आहे. शेतांजवळील स्वयंचलित हवामान केंद्रे तापमान आणि पानावरील ओलाव्याचा कालावधी नोंदवितात. या दोन नोंदींवरून राखाडी बुरशी आणि अँथ्रॅकनोज या दोन फळसडींचा धोका काढला जातो आणि तो वाढताच शेतकऱ्याला संदेश मिळतो. धोका नसेल तेव्हा फवारणीची गरज नाही, हेही प्रणाली स्पष्टपणे सांगते. शेतावरील चाचण्यांत, दर आठवड्याच्या ठरावीक फवारणीच्या तुलनेत, या पद्धतीने फवारण्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आणूनही रोगनियंत्रण तेवढेच राहिल्याचे आढळले. त्या संशोधनाला उत्पादकांच्या संघटनेचा आधार होता, ही बाबही लक्षात घ्यावी.

रोग फुलात शिरतो, फळावर दिसतो

राखाडी बुरशी अर्थात बोट्रायटिस ही वाळलेल्या पानांवर व कुजक्या अवशेषांवर टिकून राहते. तिचे बीजाणू हवेतून उमललेल्या फुलांवर पडतात. फूल पुरेसा वेळ ओले राहिल्यास बुरशी पाकळ्या व पुंकेसरांतून आत शिरते आणि फळ पिकेपर्यंत सुप्तावस्थेत राहते. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. याचा अर्थ असा की, आज तोडणीत दिसणाऱ्या बऱ्याचशा सडीचे मूळ गेल्या महिन्यातील एखाद्या ओल्या रात्रीत असू शकते. सड दिसल्यावर घाईने केलेली फवारणी त्या फळांना वाचवू शकत नाही. संरक्षण फुलांना द्यावयाचे असते.

अँथ्रॅकनोजचे वर्तन वेगळे आहे. त्याचे बीजाणू मुख्यतः पावसाच्या किंवा तुषारांच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतात. त्याला उबदार हवा मानवते आणि फळावर खोलगट, तपकिरी ते काळे डाग पडतात. तो बहुधा रोपांबरोबरच शेतात येतो. त्यामुळे तुषार सिंचन टाळणे आणि निरोगी रोपे घेणे, हे त्याविरुद्धचे पहिले उपाय होत.

तास आणि तापमान

राखाडी बुरशीविषयी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील संशोधकांनी १९८७ साली एक गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. फूल सलग किती तास ओले राहिले आणि त्या काळात सरासरी तापमान किती होते, या दोन घटकांवर ते आधारलेले आहे. फ्लोरिडाच्या प्रणालीतही हेच तत्त्व आहे. त्या प्रारूपानुसार धोका मध्यम पातळीवर पोचण्यास लागणारा ओलाव्याचा कालावधी स्थूलमानाने पुढीलप्रमाणे येतो :

• सरासरी १० अंश सेल्सिअस : सुमारे २४ तास
• सरासरी १५ अंश सेल्सिअस : सुमारे १६ तास
• सरासरी २० अंश सेल्सिअस : सुमारे १४ तास
• सरासरी २५ अंश सेल्सिअस : सुमारे १५ ते १६ तास

आता दोन काल्पनिक प्रसंगांची तुलना करू. जानेवारीत आकाश निरभ्र आहे, रात्री अकरापासून सकाळी नऊपर्यंत दव आहे आणि सरासरी तापमान ११ अंश आहे. शेत डोळ्यांना ओलेचिंब दिसते. परंतु ओलावा दहाच तासांचा आणि हवा थंड असल्याने एका रात्रीचा धोका कमी आहे. दुसरा प्रसंग नोव्हेंबरातील अवकाळी पावसाचा. सायंकाळी पाचला पाऊस आला, रात्रभर ढग राहिले, सकाळी दहापर्यंत पाने वाळली नाहीत आणि सरासरी तापमान १९ अंश होते. सतरा तासांचा हा ओलावा फुलोऱ्यातील पिकासाठी धोक्याचा आहे. दिनदर्शिकेला हे दोन्ही दिवस सारखेच असतात. नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्यांतील फरक कळतो आणि पहिल्या प्रसंगातील अनावश्यक फवारणी टळते.

हे आकडे परदेशातील प्रयोगांवर आधारलेले असल्याने ते अंतिम निकष म्हणून न घेता आरंभबिंदू म्हणून घ्यावेत. स्थानिक पडताळणीचा भाग पुढे दिला आहे.

जिल्ह्याचा अंदाज, शेताची गरज

ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला दिला जातो. त्यात पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा व ढगांची स्थिती यांचा पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. ही सेवा उपयुक्त आहे. परंतु डोंगरी पिकासाठी जिल्हा हे एकक फार मोठे पडते. सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच सल्ल्यात या दोन्ही टोकांना न्याय देता येत नाही. महाबळेश्वर तालुक्यातही दरीकाठचे, धुक्यातले शेत आणि माळावरचे, वाऱ्यावरचे शेत यांच्या वाळण्याच्या वेळेत तासांचा फरक पडू शकतो.

यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी जिल्ह्याचा अंदाज आणि गावातील नोंदी यांची सांगड घालावी. पानओलावा मोजणारा संवेदक उपलब्ध असल्यास उत्तमच. नसल्यास पुढील पद्धत अवलंबावी :

१. शेतात पिकाच्या उंचीवर, सावलीच्या जाळीदार पेटीत तापमान-आर्द्रता नोंदविणारे साधे उपकरण ठेवावे. सापेक्ष आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून अधिक असलेले तास 'ओले' समजावेत. संशोधनातही हा ठोकताळा वापरला जातो.
२. रोज सकाळी पाने व फुले पूर्ण वाळल्याची वेळ वहीत लिहावी. पाऊस पडल्यास त्याची सुरुवात आणि शेवटही लिहावा.
३. ओल्या तासांची बेरीज व त्या तासांचे सरासरी तापमान काढावे.
४. उमललेल्या फुलांचे प्रमाण आठवड्यातून एकदा नोंदवावे. फुलेच नसतील तर राखाडी बुरशीचा इशारा फारसा महत्त्वाचा राहत नाही.
५. प्रत्येक तोडणीत १०० फळे पाहून सडलेली फळे मोजावीत आणि तीन ते पाच आठवड्यांपूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहावीत.

एका गावात वेगवेगळ्या उंचीवरील तीन-चार शेतांतून अशा नोंदी मिळाल्या, तरी संपूर्ण गावासाठी उपयोगी पडेल असा सल्ला तयार करता येतो.

सल्ला कसा लिहावा

'ढगाळ हवामानामुळे रोगांचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता असून योग्य ती काळजी घ्यावी' या वाक्यातून शेतकऱ्याला कृती समजत नाही. उपयुक्त संदेशात कोणता रोग, पिकाची कोणती अवस्था, किती मुदतीत आणि काय करावे किंवा करू नये, या चार गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ : 'बुधवारी रात्री पावसाची शक्यता आहे. ज्या शेतात फुलोरा भरात आहे आणि गेल्या दहा दिवसांत संरक्षक बुरशीनाशक दिलेले नाही, तेथे बुधवारी दुपारपूर्वी फवारणी पूर्ण करावी. पक्व फळे आधी तोडून घ्यावीत. फुलोरा नसलेल्या शेतात फवारणी करू नये.' यातील शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. 'करू नका' असे सांगण्याचे धैर्य ज्या सल्ल्यात असते, त्याच्या 'करा' या सूचनेवर शेतकरी विश्वास ठेवतो.

औषधाची निवड

बोट्रायटिस ही बुरशी औषधांना लवकर प्रतिकार निर्माण करते. फ्लोरिडासह अनेक प्रदेशांत तिने एकाहून अधिक गटांतील बुरशीनाशकांना दाद देणे बंद केले आहे. म्हणून एकाच रासायनिक गटातील औषध लागोपाठ वापरू नये. व्यापारी नाव बदलले तरी गट तोच असू शकतो. त्यामुळे लेबलवरील क्रियाशील घटक पाहूनच फेरपालट करावी. एकाच जैविक क्रियेवर परिणाम करणाऱ्या औषधांपेक्षा बहुस्थानी क्रिया असणाऱ्या संरक्षक औषधांबाबत प्रतिकाराचा धोका कमी असतो. आपल्याकडे ज्या औषधाची स्ट्रॉबेरीसाठी अधिकृत शिफारस आहे तेच वापरावे आणि लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी काटेकोरपणे पाळावा. तोडणी दोन दिवसांवर आणि प्रतीक्षा कालावधी त्याहून मोठा असेल, तर ते औषध त्या वेळी वर्ज्य समजावे. फवारणी मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, परंतु फवारा पानावर वाळण्यास अवधी राहील अशा बेताने करावी.

औषधाइतकीच स्वच्छता महत्त्वाची आहे. जुनी, वाळलेली पाने व सडकी फळे दर तोडणीला शेताबाहेर काढावीत आणि रोपांत हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवावे. नत्राचा अतिरेक टाळावा, कारण दाट पालवीत ओलावा अधिक काळ टिकतो. हवा कोरडी होऊ लागताच पानांची मागील बाजू भिंगाने पाहून लाल कोळी तपासावी. तेव्हा बुरशीनाशकाच्या सवयीच्या फवारण्या सुरू ठेवण्याचे कारण राहत नाही.

रोपांपासून सुरुवात

फ्लोरिडात २०१८-१९ च्या हंगामापासून निओपेस्टालोटिओप्सिस या बुरशीने पाने, फळे व मुकुटाचे मोठे नुकसान केले. हा रोग बाधित रोपांबरोबर शेतांत पोचला होता. आपली लागवडही मातृरोपांवर अवलंबून असल्याने रोपवाटिकेच्या पातळीवरील तपासणी हा हंगामी माहितीचाच पहिला अध्याय मानावा. रोपे कोणत्या रोपवाटिकेतून, कोणत्या तारखेला, कोणत्या खेपेतून आली, ही नोंद शेतकऱ्याजवळ असल्यास पुढे रोग आढळल्यावर त्याचा माग काढणे शक्य होते.

इतर प्रदेशांसाठी

हेच तत्त्व अन्यत्र वापरताना आकडे तेच राहिले तरी प्रसंग बदलतात. हरियाणाच्या मैदानी भागात डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्यामुळे ओलावा दीर्घकाळ टिकतो, पण तापमान कमी असते. तेथे सलग धुक्याच्या दिवसांची बेरीज महत्त्वाची ठरते. काश्मीर खोऱ्यात फळे मे महिन्याच्या सुमारास येतात. तेथे वसंतातील पाऊस आणि फुलोरा यांची गाठ पडणे हा निर्णायक काळ असतो. म्हणून महाबळेश्वरचे वेळापत्रक तेथे जसेच्या तसे नेऊ नये. नोंदीची पद्धत मात्र न्यावी.

पडताळणीचे काम

संशोधन केंद्रे, कृषी विज्ञान केंद्रे आणि प्रगतिशील शेतकरी यांनी येत्या हंगामात एक साधी चाचणी हाती घ्यावी. एकाच शेतात, एकाच वाणाचे, सारख्या लांबीचे काही वाफे नेहमीच्या वेळापत्रकाने आणि तेवढेच वाफे ओलाव्याच्या नोंदीनुसार फवारावेत. काही ओळी केवळ स्वच्छतेवर, विनाफवारणी ठेवाव्यात. प्रत्येक तोडणीला विक्रीयोग्य वजन, सडलेल्या फळांचे शेकडा प्रमाण, फवारण्यांची संख्या आणि खर्च लिहावा. फळे तोडल्यानंतर दोन दिवस सामान्य तापमानाला ठेवून पुन्हा सड मोजावी, कारण सुप्त रोग बहुधा बाजाराच्या वाटेवर प्रकट होतो. निदान दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदींतूनच आपल्या डोंगरासाठी किती तास आणि किती अंश धोक्याचे, हे निश्चित होईल. लागवडीपूर्वी गावनिहाय नोंदवह्या तयार करून त्या कोणी भरावयाच्या, हे ठरविणे ही त्याची पहिली पायरी आहे.