घड्याळाचे बारा व सावलीचे बारा

“कोन मोजावयास शिकून पुढें त्याचा उपयोग काय?” हा प्रश्न भूमितीच्या तासाला वर्गांतून दरवर्षीं येतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या तोंडून येत असला, तरी पुष्कळदां मूळचा पालकांचा असतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं आम्ही एक लहानशी घरगुती हकीकत सांगणार आहों. तींत आमचा मोठेपणा मुळींच नाहीं. परंतु तिच्यांतून वर्धेच्या वेळेचें गणित चांगलें समजतें.

आम्ही शाळेंत असतांना परीक्षेंत बरे गुण मिळाल्याबद्दल आम्हांस एक मनगटी घड्याळ मिळालें. सप्टेंबरचा आरंभ होता, कपाशीच्या डवरणीचे दिवस होते. सुटीच्या दिवशीं वर्धेनजीकच्या आमच्या शेतावर गेलों, तों आबाजी डवरा चालवीत होते. विहिरीजवळ रोविलेल्या खांबाची सावली उत्तरेकडील एका दगडाशीं आली कीं बैल सोडावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नियम. त्या दिवशीं सावली दगडाशीं आली व “दुपार झाली” म्हणून त्यांनीं बैल सोडले. आम्हीं घड्याळ पाहिलें, तों बारा वाजून सोळावें मिनिट चालूं होतें! गडीमाणसांदेखत आम्ही हंसून म्हणालों, “आबाजी, तुमची दुपार पाव तास मागें पडली.” आबाजी रागावले नाहींत. बैलांना पाणी दाखवीत ते एवढेंच म्हणाले, “तुह्या घड्याळानं सूर्याले इचारलं काय, बाबू?” आम्हांस वाटलें, म्हाताऱ्या माणसाला गणित कोठून कळणार! परंतु गणित खरोखर कोणास कळत नव्हतें, तें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम मापांचा विचार करूं. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला व कलेच्या ६० विकला होतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, त्यामुळें सूर्य एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत सरासरीनें २४ तासांत आपल्याभोंवतीं ३६० अंशांची फेरी करतो असें दिसतें. म्हणून,

३६० अंश = २४ तास
१५ अंश = १ तास
१ अंश = ४ मिनिटें
१ कला = ४ सेकंद

आपल्या जुन्या मापांत हा संबंध अधिकच सोपा आहे. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेचीं ६० पळें व पळाचीं ६० विपळें. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें घटिकापात्र पाण्यावर सोडीत. तें भरून बुडालें कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं असें समजत. आतां ३६० ला ६० नें भागल्यास एका घटिकेस बरोबर ६ अंश येतात. त्याच प्रमाणानें एका पळास ६ कला व एका विपळास ६ विकला. सारांश, कोन व काळ हीं एकाच फिरण्याचीं दोन मापें आहेत. ज्यास एक मोजतां आलें, त्यास दुसरें मोजतां आलेंच पाहिजे.

आतां वर्धेकडे वळूं. वर्धा शहराचा रेखांश सुमारें ७८ अंश ३६ कला पूर्व आहे. आपलें घड्याळ ज्या रेषेच्या सूर्यावर लावलेलें आहे, ती रेषा मात्र ८२ अंश ३० कला पूर्व, म्हणजे प्रयागच्या पूर्वेस मिर्झापूरजवळून जाते. सूर्य पूर्वेकडून येतो, म्हणून त्या रेषेवर माध्यान्ह आधीं होतो व वर्धेस मागाहून. किती मागाहून? वजाबाकी करूं:

८२ अंश ३० कला – ७८ अंश ३६ कला = ३ अंश ५४ कला

तीन अंशांचीं १२ मिनिटें. ५४ कलांचे २१६ सेकंद, म्हणजे ३ मिनिटें ३६ सेकंद. एकूण १५ मिनिटें ३६ सेकंद. याचा अर्थ असा कीं, वर्धेस सूर्य सरासरीनें घड्याळांत १२ वाजून १५ मिनिटें ३६ सेकंद झाल्यावर मध्यावर येतो. आबाजींच्या सावलीनें चुकीची वेळ सांगितली नव्हती. तिनें वर्धेची वेळ सांगितली. आमच्या घड्याळानें मिर्झापूरची!

या वजाबाकींत एक चूक इतकी वारंवार आढळते कीं तिचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. कित्येक विद्यार्थी कलांस दशांश समजून ८२·३० मधून ७८·३६ वजा करतात. उत्तर ३·९४ येतें. त्यास ४ नें गुणून १५·७६ मिळवितात, व त्याचीं “१५ मिनिटें ७६ सेकंद”, म्हणजे १६ मिनिटें १६ सेकंद करतात. येथें एक चूक दोनदां झाली. ३६ कला म्हणजे अंशाचे छत्तीस शतांश नव्हेत, साठांपैकीं छत्तीस, म्हणजे ०·६ अंश. दशांशांतच करावयाचें असल्यास ८२·५ मधून ७८·६ वजा करावे, ३·९ येतात, त्यांस ४ नें गुणल्यास १५·६ मिनिटें, आणि ०·६ मिनिट म्हणजे ३६ सेकंद. चुकीच्या उत्तरांत ४० सेकंद अधिक आले. ४० सेकंद म्हणजे १० कला, आणि वर्धेच्या अक्षांशावर १० कला म्हणजे सुमारें १७ किलोमीटर. एका दशांशचिन्हानें आपलें सबंध गांव सतरा किलोमीटर पश्चिमेस नेऊन ठेविलें!

सर्व देशाचें घड्याळ एका रेषेवर चालावें ही गोष्ट फार जुनी नाहीं. पूर्वीं प्रत्येक गांवची दुपार त्या गांवची असे, आणि त्यानें कोणाचें कांहीं अडत नसे. आगगाडी आली आणि अडूं लागलें. भुसावळहून वर्धेवरून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ सालीं खुला झाला. प्रत्येक स्टेशनावर निराळे बारा असते तर गाड्यांचें वेळापत्रक लिहिणेंच कठीण. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाड्या मद्रासच्या वेळेनें चालत. पुढें १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला या रेषेची वेळ हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली. तरीहि मोठीं शहरें आपला सूर्य लवकर सोडीनात. कलकत्त्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत व मुंबईची १९५५ पर्यंत टिकली. मुंबईचें घड्याळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. हे ३९ कोठून आले, तें आतां विद्यार्थ्यांस सांगतां येईल: मुंबईचा रेखांश सुमारें ७२ अंश ५० कला; अंतर ९ अंश ४० कला; त्याचीं ३८ मिनिटें ४० सेकंद.

इतकें वाचून जो थांबेल त्यानें आमच्या शब्दावर विश्वास ठेविला असें होईल, आणि गणितांत तें चांगलें नव्हे. म्हणून प्रत्येकानें पुढील प्रयोग अंगणांत करून पाहावा. पालकांनींहि सोबत बसावें.

सपाट जागीं हातभर सरळ काठी ओळंब्यानें पाहून अगदीं उभी रोवावी. आपल्या जुन्या ज्योतिषांत अशा काठीस शंकु म्हणत. तिच्या बुडाशीं म हा मध्य धरून दोरीनें एक वर्तुळ काढावें. त्याची त्रिज्या सकाळच्या सावलीपेक्षां लहान, पण दुपारच्या सावलीपेक्षां मोठी असावी. सकाळीं सावली आखडत जाते. तिचें टोंक वर्तुळास ज्या ठिकाणीं लागेल तेथें क ही खूण करावी व वेळ टिपावी. दुपारनंतर सावली वाढूं लागते. तिचें टोंक पुन्हां वर्तुळास लागेल तेथें ख ही खूण करावी व पुन्हां वेळ टिपावी. आज मोबाइलवर सेकंदापर्यंत वेळ दिसते, तेव्हां ही सोय आमच्या वेळेपेक्षां पुष्कळच चांगली.

आतां क आणि ख जोडा. मक व मख या एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून सारख्या. अर्थात् त्रिकोण मकख समद्विभुज झाला. म पासून कख या ज्येवर लंब टाकल्यास तो ज्येस दुभागतो व मध्याजवळील कोनासहि दुभागतो, हें आपण वर्गांत सिद्ध केलें आहे. येथें तोच सिद्धांत जमिनीवर लिहिलेला दिसेल: कख ही पूर्व-पश्चिम रेषा व तो लंब ही दक्षिणोत्तर रेषा. सावली त्या लंबावर येते तोच आपल्या अंगणाचा माध्यान्ह, आणि तो दोन टिपलेल्या वेळांच्या बरोबर मध्यें असतो.

उदाहरणार्थ, १ सप्टेंबरच्या सुमारास क ची वेळ १० वाजून २ मिनिटें व ख ची २ वाजून २९ मिनिटें आली असें समजा. दुसरी वेळ १४ तास २९ मिनिटें अशी लिहावी. बेरीज २४ तास ३१ मिनिटें. निम्मे १२ तास १५ मिनिटें ३० सेकंद. वरच्या साडेपंधरा मिनिटांस ४ नें भागा: ३ अंश ५२ कला ३० विकला. हे ८२ अंश ३० कलांतून वजा केल्यास ७८ अंश ३७ कला ३० विकला येतात. खऱ्या रेखांशांत व यांत अवघ्या दीड कलेचा फरक! काठी, दोरी व घड्याळ एवढ्या साधनांनीं आपण पृथ्वीवर कोठें उभे आहों हें सुमारें अडीच किलोमीटरच्या चुकीनें सांगतां आलें.

१ सप्टेंबर हा दिवस आम्हीं मुद्दाम घेतला. पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळाकार आहे व तिचा आंस कललेला आहे. या दोन कारणांनीं सूर्य बारा महिने घड्याळाशीं सारखा चालत नाहीं. सुमारें १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर व २५ डिसेंबर या दिवशीं हा फरक शून्य असतो. ११ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य सव्वाचौदा मिनिटें मागें पडतो, तेव्हां वर्धेचा माध्यान्ह जवळजवळ साडेबारा वाजतां होतो. उलट ३ नोव्हेंबरच्या सुमारास तो सुमारें साडेसोळा मिनिटें पुढें जातो. त्या दिवसांत वर्धेस घड्याळाचे बारा व सावलीचे बारा एका मिनिटाच्या अंतरानें एकत्र येतात. तसेंच वर्धेचा अक्षांश सुमारें २० अंश ४५ कला असल्यामुळें २४ मे व १९ जुलै यांच्या सुमारास माध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. जुलैंत बहुधा ढग असतात; म्हणून मे महिन्याची संधि दवडूं नये.

हें सारें आम्हांस पुढें कॉलेजांत शिकतांना समजलें. सुटींत घरीं आल्यावर आम्हीं त्याच खांबाभोंवतीं वर्तुळ काढून दक्षिणोत्तर रेषा आंखली. ती आबाजींच्या दगडावरून गेली. आबाजी बाजूस उभे राहून पाहत होते. आम्हीं त्यांस मागच्या हंसण्याची आठवण देऊन क्षमा मागितली. त्यांस तो प्रसंग आठवतहि नव्हता. ते म्हणाले, “मंग कोनाचं बराबर होतं?” आम्ही म्हणालों, “दोघांचें. फक्त रेषा निराळ्या होत्या.”

विद्यार्थिमित्रहो, कोन शिकण्याचा उपयोग काय तो हाच. उत्तर निराळें आलें म्हणजे समोरचा चुकला असें ठरविण्यापूर्वीं तो कोणत्या रेषेपासून मोजतो आहे, हें विचारण्याची संवय लागते. ती आम्हांस त्या दिवशीं असती, तर गडीमाणसांदेखत आम्ही हंसलों नसतों.

सरावासाठीं उदाहरणें

१. आर्वीचा रेखांश सुमारें ७८ अंश १४ कला व हिंगणघाटचा ७८ अंश ५० कला आहे. माध्यान्ह कोठें आधीं होतो व किती आधीं? (उत्तर: हिंगणघाटास, २ मिनिटें २४ सेकंद, म्हणजे ६ पळें.)

२. जुने ज्योतिषी उज्जयिनीच्या रेषेपासून मोजीत. उज्जयिनीचा रेखांश ७५ अंश ४७ कला धरून वर्धेचें अंतर पळांत सांगा. (उत्तर: २८ पळें १० विपळें.)

३. घड्याळांत सव्वाबारा वाजले असतां दोन कांट्यांमध्यें किती कोन असतो? (उत्तर: ८२ अंश ३० कला. हा आंकडा पूर्वीं कोठें भेटला होता, तें आठवून पाहा. मात्र येथें तो केवळ योगायोग आहे.)