विंचवाचे विष आणि पेशीचे दार

संत एकनाथांनी भारुडात काम-क्रोधांना विंचवाची उपमा दिली, हे आपण मराठीच्या तासाला शिकतो. परंतु महाराष्ट्रातील खेड्यांत लाल विंचू ही केवळ उपमा नव्हे. त्याच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत आली आहेत. हे विष शरीरात काय करते आणि एका साध्या गोळीने त्याचा जोर कसा ओसरतो, हे कळण्यासाठी प्रथम पेशीची रचना पाहिली पाहिजे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ पटल असते. अ‍ॅड्रेनॅलिनसारखे संदेशवाहक रेणू ते ओलांडून आत जाऊ शकत नाहीत. त्यासाठी पटलात विशिष्ट प्रथिने रोवलेली असतात. त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. ग्राहीचे एक टोक बाहेर, तर दुसरे आत असते. संदेशवाहक बाहेरच्या बाजूला येऊन बसला की ग्राहीचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे आतील जी-प्रथिन कार्यान्वित होते आणि पुढे एकामागून एक रासायनिक क्रिया घडतात. म्हणजे निरोप्या दारातच थांबतो, निरोप मात्र घरात पोहोचतो. अशा ग्राहींवरील संशोधनासाठी लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अ‍ॅड्रेनॅलिनचे ग्राही एकाच जातीचे नसतात. १९४८ मध्ये अल्क्विस्ट यांनी त्यांचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग केले. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरील अल्फा ग्राहीला संदेश मिळाला की पेशीत कॅल्शियम सुटते, स्नायू आवळतो आणि रक्तवाहिनी अरुंद होते.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. परिणामी अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा शरीरात पूर येतो. रुग्णाला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण गुदमरतो.

हे कोडे ज्यांनी उलगडले ते डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. जालना जिल्ह्यातील देहेड येथील शेतकरी कुटुंबातून ते आले. १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी केल्या. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या लक्षणांविषयी त्यांचा लेख आला, तर १९८६ मध्ये प्राझोसिनच्या उपचाराविषयी.

प्राझोसिन हे मूळचे उच्च रक्तदाबावरील औषध. ते अल्फा ग्राहीवर जागा अडवून बसते, पण स्वतः कोणताच निरोप आत पाठवीत नाही. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात असते, तरी त्याचे ऐकायला कोणी उरत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयावरील भार हलका होतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण या उपचाराने तीनच्याही खाली आले. रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते. प्राझोसिनच्या जोडीला विंचूविषावरील प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे बावस्करांच्याच २०११ मधील अभ्यासात दिसून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

येथे एक सामाजिक प्रश्न उद्भवतो. बहुतेक दंशांत नुसत्या वेदनाच होतात व त्या आपोआप शमतात. त्यामुळे विंचू उतरविणाऱ्याच्या मंत्राला यश मिळाल्यासारखे वाटते. परंतु ज्या थोड्या रुग्णांत विष भिनते, त्यांचे मोलाचे पहिले काही तास याच मंत्रात जातात. ग्राही मंत्र ऐकत नाही, तो रेणूलाच ओळखतो. म्हणून दंशानंतर उलटी, घाम आणि गार हातपाय दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्यावे, एवढे तरी आपण सुटीत गावी गेल्यावर घरोघरी सांगू शकतो. त्यासाठी विज्ञान शाखेचाच विद्यार्थी असावे लागत नाही.