रझाकार म्हणजे कोण? १७ सप्टेंबरच्या पाठाआधी थोडंसं



मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की आमच्याकडे वाटूरला मुलांच्या भाषणांची तयारी सुरू होते. एकदा सरावात एक मुलगा म्हणाला, "सर, रझाकार म्हणजे मुसलमान ना?" त्याच्याच शेजारी त्याचा मुसलमान दोस्त बसलेला. तो मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढायला लागला. खरं सांगतो, मला चटकन उत्तर सुचलं नाही.

नंतर वर्गात जे सांगितलं ते इथे देतोय.

रझाकार या उर्दू शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४७ मध्ये निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. पण त्याचं सैन्य किती? साधारण २२ हजार. मग लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांवर भिस्त आली. ही इत्तेहादुल मुसलमीन पक्षाची संघटना. त्यांची संख्या लाखांत सांगितली जाई, पण बहुतेकांच्या हाती तलवारी नाहीतर ठासणीच्या बंदुका. शिस्त नाही, जाब विचारणारं कोणी नाही. त्यामुळे शत्रूशी लढण्याआधी त्यांनी संस्थानातलीच गावं लुटली, जाळली.

आता त्या मुलाचं उत्तर. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ते मुसलमानच होते. हे नाव मुलांच्या भाषणात आवर्जून घाला.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. रणगाड्यांपुढे ठासणीची बंदूक काय करणार? सातवी-आठवीच्या मुलांना जर्मनीचं उदाहरणही देता येईल. १९४४ च्या शेवटी हिटलरने १६ ते ६० वयाच्या पुरुषांचं असंच दल उभं केलं. अपुरी शस्त्रं देऊन पोरं आणि म्हातारे रणगाड्यांसमोर पाठवले. बर्लिन काही वाचलं नाही.

एक गोष्ट आपण बहुधा गाळतो. शरणागतीनंतर मराठवाड्यात रझाकार नसलेल्या कितीतरी मुसलमानांनाही सुडापोटी मारलं गेलं. पाहणीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना पाठवलं होतं. चौथीच्या वर्गात मी एवढंच सांगतो की तेव्हा निरपराध माणसंही मेली. तपशील मोठ्या वर्गांसाठी ठेवा.

पालकांना एक काम. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्या दिवसांत कोणी कोणाला घरात लपवलं होतं? मुलांना ते वहीत लिहून आणू द्या, दोन ओळी असल्या तरी चालतील.